अपघात ‘मिटवण्या’आधी

मोटारीची दुचाकीला धडक बसते, पायाचं हाड मोडतं, गर्दी जमते आणि पाच मिनिटांत कुणीतरी समंजस माणूस पुढे होतो. “जाऊ द्या हो, मुद्दाम कुणी करत नाही. दवाखान्याचा खर्च देतायत ना ते? मग केस कशाला?” गाडीवाला घाबरलेला असतो, जखमी कण्हत असतो आणि पोलीस ठाण्याची पायरी कुणालाच चढायची नसते. दहा-वीस हजार रुपये हातावर टेकवले जातात, मोबाइल नंबर घेतले जातात आणि अपघात जागेवर मिटतो. दीड महिन्यानं प्लास्टर काढल्यावर हाड वाकडं जुळल्याचं कळतं, डॉक्टर रॉड टाकायचं म्हणतात आणि तो मोबाइल आता उचलला जात नाही.

या मिटवण्यामागची माणुसकी खोटी नसते. तिच्या मुळाशी असलेली समजूत मात्र चुकीची आहे. भरपाई त्या बिचाऱ्या चालकाच्या खिशातून जाणार, त्याचं घर बसणार, अशी ती समजूत. प्रत्यक्षात आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून, म्हणजे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याचं विम्याचं प्रकरण लागू झालं तेव्हापासून, रस्त्यावरच्या गाडीला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. आपण ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो हाच. या विम्याचा हप्ता गाडीमालक भरतो, पण विमा असतो तो गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. धडक देणाऱ्यानं आधीच पैसे भरून ठेवलेले असतात, आणि जागेवर मिटवून आपण सोडतो ते विमा कंपनीला. तिच्याइतकी ही तडजोड दुसऱ्या कुणालाच फायद्याची नसते.

तिऱ्हाइताच्या विम्यात आणखी एक खुबी आहे. आपल्या गाडीच्या पत्र्याच्या विम्याला रकमेची मर्यादा असते. माणसाच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी दिल्या जाणाऱ्या भरपाईला तशी वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण जी ‘न्याय्य भरपाई’ ठरवेल ती कंपनीनं द्यायची. अर्जात मागितली त्याहून जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे. हे न्यायाधिकरण म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, कोर्टाच्या आवारातलं ‘एमएसीटी’. नाव मोठं असलं तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ते जिल्हा न्यायालयातच भरतं आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचे न्यायाधीशच ते चालवतात.

दाव्याचा निकाल बऱ्याच अंशी पहिल्या काही तासांत लिहिला जातो, आणि तो लिहिणारा माणूस बहुतेकदा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत टेबलामागे बसलेला असतो. जखमीला आणलं की तिथला डॉक्टर विचारतो, कसं लागलं? पोलिसांचं लचांड नको म्हणून सोबतचा मेहुणा किंवा मित्र सांगतो, “गाडीवरून घसरून पडला.” तेवढंच केसपेपरवर जातं. पुढे तीन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर न्यायाधिकरणापुढे ठेवतो आणि म्हणतो, धडक झालीच नव्हती, अर्जदार स्वतः घसरला. ट्रकचा नंबर नंतर घुसडला आहे. खरोखर घुसडलेल्या गाड्यांची प्रकरणंही कमी नसल्यामुळे न्यायाधीशांना हा युक्तिवाद ऐकून घ्यावाच लागतो. म्हणून डॉक्टरांना घडलं तेच सांगावं आणि ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरणाची नोंद, केली गेली ना, हे पाहावं. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही तिथेच सांगावा.

फिर्यादीचं तसंच आहे. उशीर झाला म्हणून दावा आपोआप बुडत नाही. माणूस आधी जखमीला घेऊन दवाखान्यात धावणार, पोलीस ठाण्यात नंतर जाणार, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट शब्दांत मान्य केलं. पण उशीर का झाला याचं उत्तर कागदावर असावं लागतं. घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांची आरटीओ तपासणी, साक्षीदारांचे जबाब, चालकाचा परवाना, गाडीची आरसी आणि विम्याची प्रत हे सगळं फिर्यादीच्या पाठोपाठ पोलिसांच्या फायलीत जमतं. मृत्यू झाला असेल तर त्यात मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल येतो. महाराष्ट्रात पोलीस अपघाताचा गोषवारा एका ठरावीक नमुन्यात देतात. वकील त्याला ‘एए फॉर्म’ म्हणतात. गाडी कुणाची, विमा कोणत्या कंपनीचा, पॉलिसी कधीपर्यंतची हे त्यावर एका नजरेत कळतं.

चालकाला शिक्षा होणं आणि आपल्याला भरपाई मिळणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे बहुधा असंच घडलं असेल, एवढी खात्री पुरते. त्यामुळे चालक निर्दोष सुटला तरी दावा मंजूर होऊ शकतो, आणि तशी कितीतरी उदाहरणं आहेत. ‘त्या पोराला जेलमध्ये कशाला पाठवायचं’ म्हणून जे लोक फिर्याद टाळतात त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

१ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय नियमांनी पोलिसांवर एक वेळापत्रक बांधून दिलं आहे. अपघात कळल्यापासून ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला, दहा दिवसांत जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती लेखी, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. त्यानंतर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानं ३० दिवसांत रकमेचा प्रस्ताव ठेवायचा. दिल्ली उच्च न्यायालयानं घडवलेली ही पद्धत देशभर लागू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची अंमलबजावणी करा म्हणून पुन्हा बजावलं. कागदावर ही व्यवस्था फार सुंदर आहे. इतकी, की तिच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नये, असा माझा सल्ला राहील. पोलिसांच्या अहवालाची वाट न पाहता स्वतः अर्ज करता येतो आणि तो केलेला बरा.

याचं कारण मुदत. १९८८ च्या कायद्यात आधी सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ मध्ये ती काढून टाकली गेली आणि पुढची पंचवीसेक वर्षं दावा केव्हाही करता येई. २०१९ च्या दुरुस्तीनं सहा महिने परत आणले, आणि तेही १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. या मुदतीच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत. पण अंतरिम आदेशावर घर बांधू नये. शिवाय व्याजाचाही हिशेब आहे: मंजूर रकमेवरचं व्याज अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही. न्यायाधिकरणं साधारण सहा ते नऊ टक्के व्याज देतात. दावा चार-पाच वर्षं चालला तर ही रक्कम लहान राहत नाही.

अर्ज कुठे करायचा हे कायद्यानं जखमीच्या सोयीवर सोडलं आहे. अपघात तामिळनाडूत झाला आणि तुम्ही राहता सांगलीत, तर दावा सांगलीत करता येतो. तीर्थयात्रेला निघालेल्या बसेसचे अपघात आठवले की या तरतुदीचं मोल कळतं.

आता हिशेब. माणसाच्या जिवाची किंमत कशी करतात, असं लोक कडवटपणे विचारतात. उत्तर असं की ती कुणी करतच नाही. त्या माणसाच्या मिळकतीतून घरात जे येत होतं आणि पुढे येत राहिलं असतं, तेवढंच मोजलं जातं. १८५५ पासून भारतात प्राणांतिक अपघातांचा कायदा आहे. तेव्हापासून मुख्य प्रश्न हाच राहिला: मागे राहिलेल्यांचं आर्थिक नुकसान किती? फार काळ प्रत्येक न्यायाधीश आपापल्या पद्धतीनं उत्तर देई आणि सारख्याच दोन अपघातांत दोन कुटुंबांना फार वेगळ्या रकमा मिळत. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘सरला वर्मा’ प्रकरणात एक तक्ता दिला. २०१७ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ‘प्रणय सेठी’ प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब करून भर घातली. न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात ही दोन नावं पक्षकारांनाही पाठ झालेली असतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांचा गवंडी, महिन्याला १८,००० रुपये कमावणारा. घरी बायको, दोन मुलं आणि आई. ट्रकच्या धडकेत तो गेला. त्याची कमाई पुढे वाढली असती, म्हणून आधी तीत भर घालतात: स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसासाठी ४० टक्के, कायम नोकरी असेल तर ५०. वय वाढतं तशी ही टक्केवारी उतरते. आपल्या गवंड्याचे १८,००० झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. तो जिवंत असता तर यातला काही भाग स्वतःवर खर्च झाला असता. अवलंबून असलेली माणसं दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश आणि अविवाहित असेल तर साधारण निम्मी रक्कम वजा होते. इथे चौघं आहेत, म्हणून पाव वजा. उरले २,२६,८००. आता गुणक. तो वयावर ठरतो: पंचविशीपर्यंत १८, मग १७, ३१ ते ३५ वयाला १६, असा उतरत उतरत पासष्टीनंतर ५. आपला गुणक १६. उत्तर येतं ३६,२८,८००.

निवृत्तीपर्यंतची वर्षं चौतिसाव्या वर्षी २६ उरतात, मग गुणक १६ च का, हा प्रश्न रास्त आहे. सगळे पैसे आजच एकरकमी मिळणार आणि त्यावर व्याज येत राहणार हे एक कारण. दुसरं, आयुष्याचा भरवसा नाही हेही त्यात धरलेलं असतं. या रकमेत मग ठरावीक बाबी जोडतात: अंत्यविधीचा खर्च १५,०००, मालमत्तेची हानी १५,००० आणि सहवासाच्या हानीसाठी ४०,०००; या तिन्ही रकमांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ होते. २०१८ पासून ही सहवासाची रक्कम फक्त पत्नीपुरती राहिलेली नाही. मुलांना आणि आईवडिलांनाही ती स्वतंत्रपणे मिळते.

या सगळ्या गणितात वय बदलता येत नाही, गुणक बदलता येत नाही, टक्केवाऱ्या ठरलेल्या आहेत. हलणारा आकडा एकच, मासिक मिळकतीचा. आपल्या गवंड्याचं १८,००० चं उत्पन्न सिद्ध झालं नाही आणि न्यायाधिकरणानं अंदाजानं १०,००० धरले, तर तेच गणित २०,१६,००० वर येऊन थांबतं. सोळा लाखांहून अधिक रक्कम एका न सापडलेल्या वहीपायी जाते. रोजंदारीवरच्या माणसाकडे पगारपत्रक नसतं हे न्यायालयांना कळतं. पुरावा नसेल तर किमान वेतनाचे दर आधाराला घेतले जातात, आणि तोच शेवटचा शब्द मानू नये, असंही सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. तरी ठेकेदाराची हजेरीवही, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, यूपीआयवर आलेले पैसे, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, दूध संघाची पावती, सातबारा आणि ऊस कारखान्याचं बिल, यातलं जे काही असेल ते महिन्याभराच्या आत गोळा करावं. तेरावं झालं की ठेकेदार दुसऱ्या साइटवर जातो आणि त्याच्याबरोबर वहीही.

गृहिणीचा आकडा काय धरायचा, यावर आपल्या न्यायालयांनी बरीच वाट तुडवली आहे. १९८९ मध्ये जमशेदपूरच्या कारखान्यात समारंभात आग लागून अनेक स्त्रिया आणि मुलं गेली. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. कायद्याच्या जुन्या परिशिष्टात तर कमावत्या नवऱ्याच्या एक तृतीयांश असा हिशेब होता. २०१० मध्ये न्यायालयानं त्यावर कडक ताशेरे ओढले. २०२१ च्या एका निकालात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणाचा दाखला दिला: घरातल्या बिनपगारी कामावर बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७. न्यायालयानं तिच्या कल्पित मिळकतीतही भविष्यातली वाढ धरली. दाव्यात ‘मृत स्त्री काही करत नव्हती, घरीच होती’ असं नवऱ्यानंच लिहून देण्याचा प्रकार अजूनही घडतो. शेतात राबणारी, जनावरांचं पाहणारी, शिलाई मशीन चालवणारी बाई ‘घरीच’ कशी होती, हे त्यालाच ठाऊक.

जखमीच्या दाव्यात गणित थोडं वेगळं आणि माझ्या मते जास्त गुंतागुंतीचं आहे. औषधपाण्याची बिलं, उपचारांच्या काळात बुडालेली मजुरी, पुढच्या शस्त्रक्रिया, जाण्यायेण्याचा खर्च, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च हे एकीकडे. वेदना आणि हिरावलेलं आयुष्य हे दुसरीकडे. कायमचं अपंगत्व आलं असेल तर कमाईची क्षमता किती घटली हा कळीचा प्रश्न. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर ‘४० टक्के’ लिहिलेलं असतं आणि लोक समजतात की मिळकत ४० टक्के बुडाली. तसं नाही. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं डावा हात गमावलेल्या माणसाचं उदाहरण दिलं: तो चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास पूर्ण संपते, सरकारी कार्यालयातला कारकून असेल आणि नोकरी टिकली तर पगारात कदाचित काहीच फरक पडत नाही. शरीर तेच, दाखला तोच. धंदा वेगळा असला की भरपाई वेगळी. म्हणून दाखला फायलीला लावून भागत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीला येऊन हा माणूस आता कोणतं काम करू शकतो आणि कोणतं नाही हे सांगावं लागतं. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, आणि जखमींचे कितीतरी दावे इथेच अर्धे होतात. जखमीच्या मिळकतीतून वैयक्तिक खर्चाची वजावट मात्र करत नाहीत, कारण तो जगतो आहे आणि त्याचा खर्च चालूच आहे.

सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च ही बाब कितीजण मागतच नाहीत. आई किंवा बायको करतेच की, असं गृहीत धरलेलं असतं. अपघातात मेंदूला जबर इजा होऊन पूर्णपणे परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन परिचारकांचा खर्च १८ च्या गुणकानं मोजला आणि एकूण भरपाई बासष्ट लाखांच्या वर नेली. घरच्या माणसानं केलेल्या सेवेलाही पैशात मोजता येतं, हे मागणाऱ्याला माहीत असायला हवं.

विमा कंपनीचे बचावही ओळखीचे आहेत. परवाना नव्हता किंवा योग्य प्रकारचा नव्हता, हा पहिला. २००४ पासून न्यायालयांची भूमिका अशी की अशा वेळी कंपनीनं आधी तिऱ्हाइताला पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं सांगितल्यापासून या बचावाची धारही बोथट झाली. दुसरा बचाव म्हणजे जखमीचीही चूक होती. तिघंजण एका दुचाकीवर होते एवढ्यावरून चूक ठरत नाही. तिघं असण्यामुळे अपघात झाला असं दाखवावं लागतं, असं २०२० चा निकाल सांगतो. मागे बसलेला प्रवासी दोन वाहनांच्या चुकीत सापडला तर कोणत्याही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो.

आपल्या गावाकडे खरा घोळ होतो तो वेगळ्याच जागी. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत, जत्रेला निघालेली माणसं पिकअपमध्ये, ऊसतोड कामगारांची कुटुंबं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मालवाहू वाहनात फुकट किंवा भाड्यानं बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये पक्कं केलं. टेम्पो उलटला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईचा बोजा मालकावर पडतो. मालकाची तीन एकर कोरडवाहू जमीन कितीजणांना पुरणार? ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या माणसाचीही तीच गत. त्याच टेम्पोला समोरून ट्रकनं धडक दिली असेल तर त्या ट्रकच्या विम्यावर मात्र या सगळ्यांचा पूर्ण हक्क असतो. चूक कुणाची यावर मग सारं येऊन ठेपतं. मजूर कामावर असताना अपघात झाला तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचीही वाट आहे, पण दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. स्वतःच्याच चुकीनं दुचाकी घसरली तर तिऱ्हाइताचा विमा कामी येत नाही. तिथे मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण पाहावं. २०१८ पासून ते किमान १५ लाखांचं आहे.

गाडी विकून टाकलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक, असं २०१८ चा निकाल सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाजारात विकलेली मोटारसायकल कुणाला तरी धडकली आणि नाव बदललेलं नसेल, तर नोटीस जुन्या मालकाच्याच दारात येते.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर ‘हिट अँड रन’ची योजना आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनीच जखमीला किंवा वारसांना लेखी द्यावी, असं जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कारण अर्जच फार थोडे येत होते. मे २०२५ पासून आणखी एक योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार.

गाडी सापडली आहे पण चूक कुणाची हे सिद्ध करणं अवघड आहे, अशा वेळी मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख अशी ठोक रक्कम कायद्यात आहे. ती स्वीकारली की मोठा दावा संपतो. चौतीस वर्षांच्या गवंड्याच्या बायकोनं पाच लाखांवर सही करण्याआधी वरचं गणित कुणाकडून तरी करून घ्यावं.

वकिलांचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. रुग्णालयाच्या दारातच कुणीतरी येऊन फाइल मागतो आणि ‘आधी काही देऊ नका, मिळालं की टक्के द्या’ म्हणतो, हा अनुभव अनेकांना आला असेल. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून काम घेणं बार कौन्सिलच्या नियमांना मंजूर नाही. वकिलाला ठरलेली फी द्यावी, पावती मागावी आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. चांगले वकील या कामात पुष्कळ आहेत. ते जेवणाच्या सुट्टीत कागदावर वरचं गणित पक्षकाराला मांडून दाखवतात, आणि वकील ओळखण्याची ती बरी कसोटी आहे.

लोकअदालतीत बरेच दावे एका बैठकीत निकाली निघतात. त्यात वाईट काही नाही. तीन वर्षांनंतरच्या तीस लाखांपेक्षा आजचे पंचवीस कधीकधी खरोखर शहाणपणाचे असतात. मात्र लोकअदालतीच्या तडजोडीवर अपील नाही. कंपनीचा अधिकारी स्वतःचा आकडा काढून आलेला असतो. समोरच्या बाईला तिचा आकडा माहीत नसेल तर ती तडजोड उरत नाही.

मृताचा आयुर्विमा होता, त्याचे पैसे मिळाले, म्हणून भरपाई कापायची का, हा वाद एसटी महामंडळाच्याच एका खटल्यात १९९८ मध्ये मिटला: कापायची नाही, त्यानं हप्ते भरून ते कमावले होते. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कमही कापू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२५ मध्ये म्हटलं. विधवेनं दुसरं लग्न केलं म्हणून तिचा हक्क जात नाही, हे त्याच न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. हा शेवटचा निकाल सासरच्या मंडळींना सांगून ठेवावा असा आहे, कारण नवऱ्याच्या मृत्यूचा दावा ‘आमच्या मुलाचे पैसे’ म्हणून दीर आणि सासरे चालवतात आणि सून माहेरी गेली की तिला तारखाही कळवत नाहीत.

मंजूर झालेले पैसे एकदम हातात येतातच असं नाही. १९९३ पासून सर्वोच्च न्यायालयाची सूचना आहे की लहान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावा आणि निरक्षर किंवा गरजू वारसांच्या रकमेचाही मोठा भाग बँकेत गुंतवून दरमहा व्याज मिळेल असं पाहावं. लोकांना हे जाचक वाटतं. गावात एकरकमी दहा लाख आल्याची बातमी किती वेगानं पसरते हे पाहिलेल्यांना तसं वाटत नाही. घर दुरुस्ती, मुलीचं शिक्षण, शस्त्रक्रिया अशा खऱ्या गरजेसाठी अर्ज केला की ठेव मोडण्याची परवानगी मिळते.

आणि तरीही, मंजूर झालेली पुष्कळ रक्कम न्यायाधिकरणांच्या खात्यांत तशीच पडून राहते. दावा दहा वर्षं चाललेला असतो, तोवर पत्ता बदलतो, वकील वारतात, आई-वडील जातात आणि निकाल लागल्याचं कुणाला कळतच नाही. याची दखल घेऊन एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिले की दाव्याच्या अर्जातच बँक खातं, आधार आणि पॅनचा तपशील घ्यावा, पैसे थेट खात्यात जावेत आणि पडून राहिलेल्या रकमांच्या हक्कदारांचा शोध विधी सेवा प्राधिकरणांनी घ्यावा. ज्यांच्या घरात असा एखादा जुना दावा ‘चालू होता म्हणे’ एवढाच आठवतो, त्यांनी मृताचं नाव, अपघाताची तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव एवढं घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत एकदा चौकशी करावी. दाव्याचा नंबर हरवलेला असला तरी एवढ्या माहितीवरून शोधाला सुरुवात करता येते.